भाड्याच्या घराची उत्तरपूजा

दुबई, मस्कत, दोहा किंवा कुवेत इथे वीस-पंचवीस वर्षे नोकरी करून कायमचे परत निघालेल्या माणसाला नातेवाइकांकडून बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळते: भाड्याचेच तर घर होते, त्यात कसला जीव गुंतवायचा? म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. आपले माणूस आपल्या मुलखात येते आहे, पुण्यात नाहीतर चिपळूणला हक्काचे घर बांधून तयार आहे, मग तिकडच्या दोन खोल्यांसाठी डोळ्यांत पाणी कशाला? आणि वस्तुस्थितीही याच म्हणण्याच्या बाजूची दिसते. आखाती देशांत परक्या माणसाचे राहणे पहिल्या दिवसापासून मुदतीचे असते. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, दर काही वर्षांनी तो नव्याने काढायचा, नोकरी संपली की व्हिसा कॅन्सल आणि ठरलेल्या मुदतीत देश सोडायचा. परदेशी आईबापांच्या पोटी तिथे जन्मलेल्या मुलांनाही केवळ जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ पासून दीर्घ मुदतीचे व्हिसा द्यायला सुरुवात केली, पण ते थोड्यांच्याच वाट्याला येतात आणि तेही मुदतीचेच असतात. ज्या घराचा करार दरवर्षी नव्याने करावा लागत होता, ज्याच्या भिंतीत खिळा ठोकतानाही डिपॉझिट आठवत होते, त्या घरातून निघताना मन जड होणे हा मोह म्हणायचा का, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की तात्पुरत्या घराचा रीतसर निरोप घेणे हे धर्माचे काम आहे, आणि निरोप न घेता निघून जाण्याला वैराग्य हे नाव देणे चूक आहे.

वैराग्याची बाजू आधी नीट मांडायला हवी, कारण ती हलकी नाही. संसार ही धर्मशाळा आहे, रात्र काढायची आणि उजाडताच चालू लागायचे, ही शिकवण मराठी माणूस कीर्तन-प्रवचनांतून लहानपणापासून ऐकतो. गीतेच्या बाराव्या अध्यायातल्या भक्ताच्या लक्षणांत ‘अनिकेत’ असणे हे एक लक्षण आहे. बुद्धाच्या उपदेशात तर अनित्यता हा पायाच आहे. या सगळ्यांतून निघणारा युक्तिवाद असा: जे आपले नव्हतेच ते जाताना दुःख झाले, तर ते आपले आहे असे आपण मनात कुठेतरी धरून बसलो होतो, हे धरून बसणे हेच अज्ञान, तेव्हा निरोपाचा सोहळा म्हणजे अज्ञानाचा सोहळा. युक्तिवाद सुसंगत आहे. पण तत्त्वाचा अर्थ ते तत्त्व जगणाऱ्यांच्या वागण्यात शोधावा, आणि तात्पुरत्या निवाऱ्याचा सर्वांत मोठा अनुभव घरदार सोडून हिंडणाऱ्या भिक्खूंच्या गाठीशी होता. त्यांनी जागा कशी सोडावी याचे नियम विनयपिटकात, म्हणजे बौद्ध संघाच्या आचारनियमांच्या ग्रंथात आहेत, आणि ते वाचल्यावर वरचा युक्तिवाद पहिल्यासारखा उभा राहत नाही.

त्यातल्या पाचित्तिय नावाच्या नियमांतला चौदावा आणि पंधरावा हे दोन नियम एवढ्याचसाठी आहेत. पहिल्यामागची हकिकत अशी सांगितली आहे: थंडीच्या दिवसांत काही भिक्खूंनी संघाच्या खाटा-बिछाने उघड्यावर मांडले, उन्हात अंग शेकले आणि ते तसेच टाकून निघून गेले, पाऊस आला आणि सगळे भिजले. दुसऱ्यामागची हकिकत विहाराच्या आतली आहे. सतरा जणांचा एक गट बिछाने तसेच पसरून निघून गेला आणि मागे ते वाळवीने खाल्ले. दोन्ही वेळा नियम झाला की जाणाऱ्याने अंथरूण-पांघरूण उचलून ठेवावे किंवा ठेववून घ्यावे आणि सांगून जावे; नाहीतर तो दोष. विनयपिटकातल्याच चुल्लवग्गात तर निघणाऱ्या भिक्खूची कर्तव्ये ओळीने दिली आहेत. लाकडाची आणि मातीची भांडी आवरून ठेवावीत, दारे-खिडक्या लावाव्यात, जागा भिक्खूच्या ताब्यात देऊन निघावे. भिक्खू नसेल तर श्रामणेराला, म्हणजे नवशिक्याला सांगावे, श्रामणेर नसेल तर विहाराच्या सेवकाला. कुणीच नसेल तर चार दगड मांडून त्यांवर खाट ठेवावी, खाटेवर खाट रचावी, वर बिछाने ठेवावेत, मग दार लावावे. छप्पर गळत असेल आणि अंगात शक्ती असेल तर शाकारून जावे. तेही जमणार नसेल तर जिथे गळत नाही तिथे सामान हलवावे. सगळीच जागा गळकी असेल तर सामान गावात नेऊन ठेवावे. आणि यातले काहीच शक्य नसेल तर उघड्यावर दगडांवर रचून गवताने, पानांनी झाकावे, निदान काही भाग तरी शाबूत राहील या विचाराने. पुन्हा त्या विहारात येईल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, अनित्यतेचे ध्यान हाच ज्याचा दिवसाचा उद्योग आहे, त्याला त्याचा धर्म सांगतो की गळक्या छपराखालच्या खाटेच्या पायांची काळजी घेऊन मग पुढे जा.

या नियमांत एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. दोष लागतो तो संघाच्या मालकीच्या वस्तूबद्दल. भिक्खूची स्वतःची खाट असेल आणि ती त्याने पावसात टाकली, तर हा दोष लागत नाही. म्हणजे जे आपले आहे ते टाकून देता येते, विकता येते, विसरता येते. जे आपले नाही ते मात्र परतच करावे लागते, आणि परत करायचे म्हणजे कुणाच्या तरी समोर, कुणाला तरी सांगून, ज्या स्थितीत मिळाले निदान त्या स्थितीत करावे लागते. नातेवाइकांच्या वाक्यातला निष्कर्ष इथे उलटा होतो. भाड्याचे घर होते म्हणूनच त्याचा निरोप अधिक काळजीने घ्यायला हवा. गावचे वडिलोपार्जित घर सोडून शहरात गेलेला माणूस कुलूप लावून वीस वर्षे फिरकला नाही तरी ते घर त्याचेच राहते. तो निरोप उद्यावर ढकलू शकतो. परक्याच्या घरात राहिलेल्याला ती मुभा नाही. महाराष्ट्रात हे डोळ्यांनी पाहता येते. कान्हेरीच्या किंवा भाज्याच्या लेण्यांत खोल्यांमध्ये दगडात कोरलेले झोपण्याचे ओटे आहेत. ते कोरले दात्यांच्या धनाने, त्यांवर निजणारे बदलत गेले, आणि कुठल्याच ओट्यावर निजणाऱ्याची मालकी नव्हती. शतकानुशतके अशी वस्ती चालू राहिली, ती प्रत्येक जाणारा येणाऱ्यासाठी जागा नीट ठेवून गेला म्हणूनच.

जागेपाठोपाठ माणसांचा प्रश्न येतो, आणि त्यासाठी वर्षावासाच्या शेवटी पवारणा आहे. पावसाचे तीन महिने एका ठिकाणी राहिलेले भिक्खू पांगण्यापूर्वी एकत्र जमतात आणि प्रत्येक जण इतरांना विनंती करतो की माझ्या हातून काही वावगे झालेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल तर सांगा. हा विधी कसा सुरू झाला याची विनयपिटकातल्या महावग्गातली कथा फार बोलकी आहे. कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासात भांडणे नकोत म्हणून ठरवले की एकमेकांशी बोलायचेच नाही. भिक्षेवरून आधी येईल त्याने आसने मांडायची, पाणी ठेवायचे. मागून येणाऱ्याने आवरायचे, झाडायचे. घडा एकट्याला उचलत नसेल तर हाताने खुणावून दुसऱ्याला बोलवायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही. तीन महिने उत्तम पार पडले. त्यांनी बुद्धाला सांगितले की आम्ही सुखाने राहिलो. बुद्धाने त्यांना खडसावले: तुम्ही गुरांसारखे, मेंढरांसारखे, वैऱ्यांसारखे राहिलात, आणि याला सुख म्हणता? त्यानंतर पवारणेचा नियम झाला. परदेशातल्या इमारतीत एका मजल्यावर दहा वर्षे राहून लिफ्टमध्ये मान डोलावण्यापलीकडे न गेलेल्या शेजाऱ्यांची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. तिथेही भांडण होत नाही आणि सगळे सुरळीत चालते. तात्पुरतेच राहायचे आहे, मग ओळखी कशाला वाढवायच्या, हा त्यामागचा हिशेब. बुद्धाने नेमका हाच हिशेब नाकारला. त्या भिक्खूंचे एकत्र राहणेही तीनच महिन्यांचे होते, मुदत आधीच ठरलेली होती, तरी त्यांच्यात परस्परांना विचारण्याचे आणि सांगण्याचे नाते उरायलाच हवे होते, असे त्याचे म्हणणे.

कुणी म्हणेल, हे भिक्खूंचे झाले. गृहस्थाला यातले काय लागू? गृहस्थासाठीही विधी होता, आणि तो भिक्खूंहून जुना आहे. आज आपल्याकडे नव्या घरात शिरताना वास्तुशांत होते. घर सोडताना मात्र फार तर देवापुढे नारळ फुटतो आणि ट्रक निघतो. तैत्तिरीय संहितेच्या तिसऱ्या कांडात मात्र राहत्या जागेवरून बिऱ्हाड हलवणाऱ्या यजमानासाठी वास्तोष्पतीची आहुती सांगितली आहे. कारणही दिले आहे: वास्तोष्पती म्हणजे रुद्र, त्याचा वाटा दिल्याशिवाय निघालात तर अग्नी रुद्र होऊन मागे लागेल. त्या काळी माणसे गाडीवर संसार घालून फिरत, अग्नी बरोबर नेत. आता ही आहुती कधी द्यायची, असा प्रश्न तिथे पडतो. दोन्ही बैल जुंपल्यावर दिली तर आपण निघून गेल्यावर मागे दिल्यासारखी होते. बैल जुंपण्याआधी दिली तर अजून इथेच स्वस्थ राहत असताना दिल्यासारखी होते. म्हणून उजवा बैल जुंपलेला, डावा अजून मोकळा, अशा वेळी ती द्यायची, म्हणजे दोन्ही साधते. कर्मकांडातल्या काटेकोरपणाचा आपल्याला कधी कंटाळा येतो, पण इथे तो काटेकोरपणा माणसाच्या स्थितीचे अचूक वर्णन करतो. बॅगा भरलेल्या आहेत आणि चूल अजून विझलेली नाही, अशा दोन अवस्थांच्या मधली ती वेळ आहे. ती वेळ वाया घालवू नये, जिथे राहिलो त्या जागेच्या धन्याचा वाटा तेव्हाच द्यावा, असे हा विधी सांगतो. भीतीची भाषा आज आपण बाजूला ठेवू. जागेचाही काही वाटा असतो, आपण तिथे जे जगलो त्यात तिचे देणे लागतो, हा विचार भीतीशिवायही खरा आहे.

आणि मराठी घराला तर याचा पुरावा ग्रंथांत शोधायची गरज नाही. दीड दिवसाच्या गणपतीची उत्तरपूजा होते की नाही? शाडूच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते, दुसऱ्या दिवशी आरती होते, मूर्तीच्या हातावर दही ठेवतात, दहीपोह्यांची शिदोरी बांधतात, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून जराशी हलवतात आणि पुन्हा येण्याची विनवणी करतात. विसर्जनानंतर काठाची वाळू पाटावर घेऊन घरी येतात. दीडच दिवस होता, त्याला कसला निरोप, असे कुठल्याही घरात कुणी म्हणत नाही. दहा दिवसांच्या आणि दीड दिवसाच्या उत्तरपूजेत फरकही करत नाहीत. आखातातल्या फ्लॅटमध्ये बादलीत विसर्जन करणारी कुटुंबेसुद्धा हा क्रम चुकवत नाहीत. मूर्ती मातीची आहे, ती विरघळणार आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तरी, किंबहुना त्यामुळेच, निरोपाचा विधी आवाहनाइतकाच आवश्यक मानला आहे. ज्या समाजाला हे दरवर्षी कळते, त्या समाजाने वीस वर्षांच्या घराविषयी ‘भाड्याचेच तर होते’ म्हणावे, हे मला पटत नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप. भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य, बायका-मुले सगळे सोडून तो गंडकीकाठच्या आश्रमात राहिला. एकदा नदीत पडलेले हरणाचे पाडस त्याने वाचवले, त्याला वाढवले, आणि मरताना त्याच्या मनात तेच पाडस होते. म्हणून पुढचा जन्म हरणाचा मिळाला. ज्याने राजवाड्याचा पाश तोडला तो पर्णकुटीत येऊन अडकला, ही कथा तात्पुरत्या घराच्या लोभाविरुद्ध दिलेली सर्वांत कडक ताकीद आहे. पण भरताचे चुकले कुठे ते पाहावे. पाडस पाण्यातून काढणे ही चूक असे भागवत म्हणत नाही. त्या पाडसाची चिंता इतकी वाढली की नित्यकर्मे एकेक करून सुटली आणि अंतकाळीही मन त्यातून निघाले नाही, ही चूक. ज्याचा निरोप त्याने कधी घेतलाच नाही, ते शेवटपर्यंत त्याच्या मनात राहिले. हाच धागा गीतेतही दिसतो. ज्या लक्षणांच्या यादीत अनिकेत असणे येते, तिची सुरुवात कुणाचाही द्वेष न करणे, मैत्री आणि करुणा यांनी होते. ममत्व नसणे त्यांच्या लगोलग येते. मैत्री आणि निर्ममत्व ही दोन टोके नाहीत, एकाच माणसाकडून दोन्हींची अपेक्षा आहे. निरोप घेणे म्हणजे त्या दोन्ही गोष्टी एका वेळी करणे: इथे मला आसरा मिळाला हे मान्य करणे, आणि हे माझे नाही म्हणून ते परत देणे. न बोलता निघून गेलेला माणूस यातले एकही करत नाही. त्याचे घर मात्र त्याच्याबरोबर येते. परत आलेल्या कित्येकांच्या बोलण्यात पुढे वर्षानुवर्षे ‘आमच्या तिकडे’ हे शब्द येत राहतात आणि ऐकणारे कंटाळतात. मला वाटते, मनातल्या मनात न संपलेला निरोप असा बोलण्यातून बाहेर येत राहतो.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. ज्या देशाने कधी आपले म्हटले नाही, उन्हात घाम गाळून घेतला, काहींचे पासपोर्ट अडकवून ठेवले, काहींची शेवटची पगाराची रक्कम बुडवली, त्या देशाचे आभार कशासाठी मानायचे? काम केले, पैसे घेतले, हिशेब मिटला. यातले पहिले वाक्य खरे आहे आणि ते लपवू नये. पण निरोप म्हणजे देशाला दिलेले चांगल्या वर्तणुकीचे प्रशस्तिपत्र नव्हे. पवारणेत दोष सांगण्याला जागा आहे, किंबहुना तो विधीच त्यासाठी आहे. खरा निरोप कडू असू शकतो. आणि हिशेब मिटतो तो मालकाशी. कोपऱ्यावरच्या बकाल्यातला मलयाळी दुकानदार महिनाअखेरीस उधारीवर सामान देत होता, इमारतीचा राखणदार नातूर तान्ह्या मुलाचा पाळणा जिन्याने वर चढवून गेला, शेजारची फिलिपिनी परिचारिका रात्री दोन वाजता ताप बघायला आली. यांचा हिशेब कुठल्या ग्रॅच्युइटीत बसत नाही. तीही तिथे परकीच माणसे, त्यांचेही घर मुदतीचेच. ज्यांच्यावर उघड अन्याय झाला त्यांनी कृतज्ञ असावे असे मात्र कुणी त्यांना सांगू नये. विनयानेही हे ओळखले आहे: हिंस्र पशू, चोर, आग किंवा पूर यांचे संकट आले तर भिक्खूने वर्षावास मोडून निघून जावे, त्यात दोष नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी आले. त्यांच्यात कोकणातले आणि गोव्याचे पुष्कळ लोक होते. स्वयंपाकघरात भांडी तशीच, भिंतीवर फोटो तसेच, बँकेतले पैसे तिकडेच. त्यांना निरोप घेता आला नाही, आणि त्यांच्या दुःखात बुडालेल्या पैशांखेरीज हेही होते. निरोप ही चैनीची गोष्ट असती, तर तो हिरावला गेल्याचे इतके दुःख झाले नसते.

भारतात परका म्हणून राहून गेलेल्या एका माणसाचे वागणे इथे आठवावेसे वाटते. ह्युएन त्संग चीनमधून निघून सोळा-सतरा वर्षांनी, इ.स. ६४५ मध्ये चांगआनला परतला. मधला मोठा काळ त्याने नालंदेत शीलभद्रांच्या हाताखाली अध्ययनात घालवला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. तो परत जायला निघाला तेव्हा नालंदेच्या भिक्षूंनी त्याला थांबण्याचा आग्रह केला, बुद्धाची भूमी सोडून का जातोस असे विचारले. त्याने त्यांचे म्हणणे ऐकले, उत्तर दिले, आणि गुरूंची संमती घेतली. शीलभद्रांनी त्याला जाऊ द्यावे असेच म्हटले. पुढे काही वर्षांनी महाबोधी विहारातून ज्ञानप्रभ आणि प्रज्ञादेव यांनी त्याला पत्रे पाठवली, बरोबर सुती कापड भेट दिले. इ.स. ६५४ मध्ये त्याने उत्तरे लिहिली. शीलभद्र गेल्याचे कळून झालेले दुःख त्याने त्यांत झाकले नाही. कनौजच्या सभेत प्रज्ञादेवाशी वाद झाला होता, त्याची आठवण काढून, मैत्री राखून, आपले मतभेदही त्याने स्पष्ट सांगितले. सिंधू ओलांडताना वाहून गेलेल्या ग्रंथांची यादी जोडून ते पुन्हा पाठवण्याची विनंतीही केली. जगातले सगळे विज्ञानमात्र, म्हणजे केवळ जाणीव आहे असे शिकलेला आणि शिकवणारा हा आचार्य. त्याच्या वैराग्यात दुःखाला जागा होती, मतभेदाला होती, यादी पाठवण्याइतकी व्यवहारालाही होती. आणि तो परत भारतात आला नाही. उरलेले आयुष्य त्याने भाषांतरांत घालवले. ज्याचा निरोप नीट झाला त्याला पुढचे काम मोकळ्या मनाने करता आले, असे मी यावरून समजतो.

एक बाजू अजून राहते, ती मुलांची. आईबाप म्हणतात, आपण घरी परत चाललो. अल ऐनला किंवा सलालाहला जन्मलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ती परत जात नाही. ती पहिल्यांदाच घर सोडते आहे. आईबापांना ते घर तात्पुरते वाटत होते कारण त्यांच्या मनात दुसरे घर होते. तिच्या मनात दुसरे नव्हते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने तिची उंची मोजलेल्या खुणा आहेत आणि डिपॉझिट परत मिळावे म्हणून रंगारी त्यांवर पांढरा रंग फिरवणार आहे. तिला मोहाविषयी उपदेश करणे मला क्रूरपणाचे वाटते. तिला शाळेतल्या मैत्रिणींकडे, इमारतीखालच्या मैदानात, बकाल्यात जाऊन सांगू द्यावे की मी चालले. आणि रंग लावण्याआधी त्या खुणांपाशी तिला थोडा वेळ उभे राहू द्यावे.

म्हणून या वर्षी ज्यांचा व्हिसा कॅन्सल होणार आहे त्यांना विनंती आहे. शिपिंगची खोकी, विजेच्या जोडणीचे शेवटचे बिल, शाळेचे दाखले यांच्या धांदलीत एक दिवस या कामासाठी राखून ठेवा. ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत द्या, ज्यांच्याशी वाजले त्यांना भेटा, ज्यांनी मदत केली त्यांना नावाने हाक मारून सांगा. देव्हारा जिथे होता ती भिंत पुसा. किल्ली टपालपेटीत टाकून निघू नका, कुणाच्या तरी हातात द्या. आणि इकडे विमानतळावर त्यांना घ्यायला जाणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे: भाड्याचेच होते, असे म्हणू नका. ते घर कसे होते, शेजारी कोण होते, हे विचारा आणि सांगतील तितका वेळ ऐका.